पावसाचा भाव: मुंबई-ठाणे परिसरातील पैजांचा इतिहास

एखादा बेसबॉल संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेस पात्र ठरेल की नाही, यावर अमेरिकेतील भाकीत-बाजारांत आज करार विकले जातात. संघ पात्र ठरल्यास प्रत्येक करारामागे 1 डॉलर मिळतो, न ठरल्यास काहीच मिळत नाही, आणि म्हणून 30 सेंटला विकल्या जाणाऱ्या कराराचा अर्थ बाजाराच्या मते सुमारे 30 टक्के शक्यता असा लावला जातो. भविष्यातील घटनेची शक्यता भावातून वाचण्याची ही रीत मुंबईच्या व्यापारी पेठेला दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच परिचित होती.

ब्रिटिश काळात सरकार कलकत्त्यात अफूचे लिलाव करी आणि पुढील लिलावात पाटणा अफूला काय दर येईल यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. अशाच एका पैजेचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या अंतिम अपील न्यायासनापर्यंत गेला. 1848 मध्ये तेथे पैजेचा करार वैध ठरला, तेव्हा सरकारने त्याच वर्षी 21 वा कायदा करून पैजेच्या पैशासाठी दावा लावण्याची वाटच बंद केली. पैज लावण्यास मात्र या कायद्याने प्रतिबंध झाला नाही.

या परंपरेचा सर्वांत लक्षणीय प्रकार म्हणजे मुंबईतील पायधुणीचा ‘बरसात का सट्टा’. त्याच्या दोन पद्धती होत्या: ‘कलकत्ता मोरी’त वाळू भरलेल्या पेटीतून ठरावीक वेळेत पावसाचे पाणी झिरपून बाहेर पडते की नाही यावर, तर ‘लाकडी सट्ट्या’त ठरलेल्या अवधीतील पावसाने छपराची पन्हळ भरते की नाही यावर पैज लागे. पावसाळ्यात दुकाने थाटून बसणारे सटोडिये आभाळाचा रंग पाहून भाव बदलत, त्यामुळे तो भाव म्हणजे कोसळू पाहणाऱ्या सरीविषयीचे अनेकांचे एकत्रित निरीक्षण असे. 1887 च्या जुगार-प्रतिबंधक कायद्यात हा प्रकार बसत नाही असे उच्च न्यायालयाने ठरवल्यावर विधिमंडळाने 1890 मध्ये दुरुस्ती करून पाऊस कायद्याच्या कक्षेत आणला.

भिवंडी तालुक्यातील खारबावसारख्या भातशेतीच्या गावाकडून पाहिले, तर या व्यवहारातील खरी उणीव स्पष्ट होते. राब भाजून रोपे तयार करणाऱ्या शेतकऱ्याचे सारे वर्ष आवणीच्या पावसावर अवलंबून असते, म्हणजे पावसाची जोखीम त्याच्याइतकी कोणाचीच नसते. पण पायधुणीचा भाव काही तासांच्या सरीपुरता होता आणि पाऊस हुकला तर शेतकऱ्याची भरपाई करणारी कोणतीही रचना त्यातून उभी राहिली नाही. ज्ञान होते, परंतु ते ज्याला हवे त्याच्या कामी आले नाही, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

विसाव्या शतकात पैजेचा निरीक्षणाशी असलेला संबंधही तुटत गेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद भावांच्या आकड्यांवर मुंबईत ‘आकडा’ चाले. 1961 च्या सुमारास ते भाव येणे थांबल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी मटका सुरू केला, ज्यात आकडे चिठ्ठ्यांतून किंवा पत्त्यांतून काढले जात. कापसाच्या भावाच्या अखेरच्या अंकातही नशिबाचाच भाग मोठा होता, तरी त्यामागे निदान एक खरा बाजार होता. मटक्याच्या आकड्यामागे जाणून घेण्यासारखे काहीच उरले नाही, आणि गिरणगावातील मजुरी त्यात वाहून गेली.

निरीक्षणावरची पैज आणि निव्वळ नशिबाची पैज यांतील फरक कायद्याने फारसा मानलेला नाही. महाराष्ट्राच्या जुगारविरोधी कायद्यात कापूस, अफू आणि पाऊस यांवरील पैजा एकाच व्याख्येत येतात, तर 2025 च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सारखेच निषिद्ध ठरवले आहेत.