इंजिनांचं इस्पितळ

भिवंडीकरानं आगगाडीवर लिहायला बसावं, म्हणजे आजन्म ब्रह्मचाऱ्यानं 'सुखी संसाराची गुरुकिल्ली' या विषयावर व्याख्यान द्यावं, तशातला प्रकार आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी धावली, एकवीस तोफांची सलामी झाली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणला जाऊन भिडले. भिवंडी राहिली खाडीच्या पलीकडे. लग्नाच्या पंगतीत वाढपी नेमका आपल्या पानावरून पुढे निघून जावा, तसे ते रूळ आमच्यावरून निघून गेले. ते परत वळून दिवा-वसईच्या मार्गानं आमच्याकडे यायला १९८० चं दशक उजाडलं. आणि आले तेव्हा स्टेशनाला नाव दिलं 'भिवंडी रोड'. रेल्वेच्या कोशात 'रोड' या शब्दाचा अर्थ 'गाव इथं नाही, पण चालायची तयारी असेल तर रस्ता आहे' असा होतो, हे अनुभवी प्रवाशांना सांगायला नको.

तेव्हा गाडीतून हिंडण्याच्या बाबतीत आमचा अधिकार बेताचाच. पण जुनं यंत्र मरू कसं द्यायचं नाही, या विषयात मात्र भिवंडीकराला कुणी शिकवायला जाऊ नये. मुंबईच्या गिरण्यांनी म्हातारे झाले म्हणून काढून टाकलेले माग आमच्या गावानं विकत घेतले आणि मिस्त्रींच्या जिवावर पुढं वर्षानुवर्षं चालवले. 'खटक्-खट्, खटक्-खट्' ही आमच्या गावची अंगाई. म्हणूनच इंजिन म्हटलं की बाकीच्या मंडळींना धूर आठवतो, शिट्टी आठवते, खिडकीची जागा आठवते. आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की याची दुरुस्ती कोण करतं?

इतिहासकारांनी या प्रश्नाकडे थोडं दुर्लक्षच केलंय. पहिल्या गाडीला चौदा डबे होते, चारशे पाहुणे होते, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं होती, हे शाळेतलं पोरही घडाघडा सांगेल. पण इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीनं घडवलेली ही इंजिनं बोटीनं इथं आली, ती उतरवून घ्यायला आणि चालती करायला जे हात लागले असतील, त्यांना त्या चारशेंत पान मांडलेलं दिसत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १८५२ साली, 'लॉर्ड फॉकलंड' नावाचं इंजिन बांधकामाच्या कामासाठी मुंबईत आलं, ते तर भायखळ्यापर्यंत माणसांनी रस्त्यावरून ओढत नेलं. म्हणजे या देशात आधी माणसांनी इंजिन ओढलं आणि मग इंजिनानं माणसं ओढली. हिशेब चोख आहे!

बरं, ही इंजिनं बिघडल्यावर करायचं काय? सुएझचा कालवा उघडला १८६९ साली. त्याआधी विलायतेहून येणारा अवजड माल आफ्रिकेला वळसा घालून यायचा. एखादा दांडा मोडला, पत्र पाठवलं, साहेबानं तो घडवला, बोटीत चढवला, असं म्हणत बसलं तर तोवर इंजिनावर पिंपळ उगवायचा. तेव्हा दुरुस्तीच्या जागी नुसता पाना आणि तेलाचा डबा असून भागत नव्हतं. ओतकाम हवं, लोहारकाम हवं, लेथ हवं, सुतारकाम हवं. इथल्या लोहारा-सुतारांच्या वंशपरंपरेच्या विद्येला वाफेची जोड मिळाली ती अशी, निव्वळ अडचणीपोटी. पुष्कळशा चांगल्या गोष्टी आपल्याकडे अडचणीपोटीच होतात.

जी. आय. पी. रेल्वेचं हे दुरुस्तीचं बिऱ्हाड आधी भायखळ्याला होतं. ते अपुरं पडू लागलं आणि १८७९ साली परळला हललं. आता परळ म्हटलं की आजच्या माणसाला इस्पितळं आठवतात. केईएम, टाटा, वाडिया, जनावरांसाठीसुद्धा एक. पण वयाचा दाखला मागितलात, तर या सगळ्यांच्या आधीचं परळचं इस्पितळ म्हणजे हे इंजिनांचं. केईएमचा जन्म १९२६ चा. तोवर इथं जवळजवळ अर्धशतक इंजिनांची पोटं उघडून शिवली जात होती.

इस्पितळाची उपमा मी उगाच देत नाही. रेल्वेत दोन प्रकार असतात: शेड आणि वर्कशॉप. शेड म्हणजे गल्लीतला डॉक्टर. इंजिन रात्री दमून आलं की त्याची राख काढायची, तेलपाणी करायचं, ठराविक दिवसांनी बॉयलर धुऊन आतले क्षार काढायचे आणि पहाटे पुन्हा कामाला जुंपायचं. थंड पडलेल्या इंजिनात नुसती वाफ धरायलाच चारसहा तास लागतात, म्हणजे गाडी सहाची असली तर शेडमधला माणूस मध्यरात्रीच उठलेला. वर्कशॉप हे मोठं हॉस्पिटल. तिथं इंजिन दाखल होतं ते पुरतं उघडण्यासाठी. क्रेननं बॉयलर उचलून बाजूला ठेवायचा, त्यातल्या नळ्या काढायच्या, चाकं सोडवायची, प्रत्येक सांधा तपासायचा आणि मग सगळं पुन्हा जोडायचं. जोडून झाल्यावर जमिनीवर एकही नट शिल्लक राहता कामा नये. आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ उघडलं की दोन स्क्रू नेहमी जास्त होत, त्यावरून या कामाची अवघड जात मला कळते.

माझे एक मामा परळच्या लोकोत फिटर होते. पहाटेची एस. टी. पकडून कल्याण, तिथून लोकल, असा त्यांचा नोकरीभरचा शिरस्ता. रेल्वेत लागले ते 'खलाशी' म्हणून. आईनं शेजारणीला सांगितलं, भाऊ खलाशी झाला, तेव्हा तिला वाटलं स्वारी बोटीवर गेली. रेल्वेत खलाशी म्हणजे हाताखालचा मदतनीस. समुद्राचा संबंध पावसाळ्यात रुळांवर पाणी तुंबेल तेवढाच.

मामांनी मला सांगितलेली एक गोष्ट अजून डोक्यात बसलीय. वाफेच्या इंजिनाचं चाक अखंड नसतं. त्याच्या परिघावर पोलादी कडं बसवलेलं असतं आणि ते झिजलं की तेवढंच बदलायचं. ते बसवायचं कसं? कडं आकारानं किंचित लहान ठेवायचं, तापवून फुगवायचं, चाकावर चढवायचं आणि निवू द्यायचं. निवताना ते आवळत जातं आणि असं घट्ट बसतं की पुन्हा तापवल्याशिवाय निघायचं नाही. "म्हणजे बैलगाडीची धावच की!" मी म्हटलं. "धावच," मामा म्हणाले, "फक्त बैल विलायती." शेकडो वर्षं गावोगावचे लोहार गाडीच्या चाकावर धाव चढवत आले, ती कला माहीत असलेल्या हाताला इंजिनाचं चाक परकं वाटलं नसणार. चाकाला तडा आहे का ते बघायला यंत्र नव्हतं. हातोडीनं ठोकायचं आणि ऐकायचं. 'टण्ण' वाजलं तर ठीक, 'थद्द' वाजलं तर बाजूला. कुंभारवाड्यात माठ घेताना गृहिणी करते तीच परीक्षा. हे ऐकणं कुठल्याही पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. एका कानानं दुसऱ्या कानाला शिकवायचं असतं.

मग वीज आली. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरीपर्यंत घाटात विजेची इंजिनं चढू लागली. त्यातल्या एका हिरव्या, लांबड्या, सांधे असलेल्या जातीला आपल्या लोकांनी 'खेकडा' म्हणून टाकलं. स्वित्झर्लंडात तसल्याच इंजिनाला मगर म्हणतात. मगर आणि खेकडा यांतला फरक हा ज्या त्या देशाच्या जेवणावर अवलंबून असावा. वाफ मात्र बाकी देशात टिकून राहिली आणि ब्रॉडगेजवरची तिची नेहमीची धाव संपली ती १९९५ च्या डिसेंबरात. मामा वाफेवर शिकले आणि डिझेलवर निवृत्त झाले. "डिझेलचा स्वभाव कळत नाही," असं ते म्हणत. "वाफेचं इंजिन दुखलं की ओरडतं. हे गुपचूप आजारी पडतं."

आता आपण या सगळ्यातलं राखलं काय, ते बघू. साहिब, सिंध, सुलतान ही तिघंही गेली. नाव उरलं, लोखंड उरलं नाही. पुढं जाग आल्यावर आपण इंजिनं राखली. स्टेशनाबाहेर ओटा बांधायचा, वर इंजिन चढवायचं, काळा-लाल रंग फासायचा आणि भोवती साखळी लावायची. उत्तम. पण वाघ मेल्यावर त्यात पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवला, म्हणजे जंगल वाचलं असं कुणी म्हणत नाही. इंजिनाचं जंगल म्हणजे त्याचं वर्कशॉप आणि ते राखायचं कुणाच्या फारसं मनात आलं नाही.

एके काळी दिल्लीच्या संग्रहालयात असलेल्या 'फेअरी क्वीन'चंच बघा. १८५५ सालची ही म्हातारी १९९७ साली पुन्हा धावायला लागली आणि जगभर नाव झालं. २०११ साली चोरांनी तिचे महत्त्वाचे भाग काढून नेले. भिवंडीतला भंगारवाला चटकन सांगेल की तांब्या-पितळेला इतिहासापेक्षा भाव जास्त येतो. तिला पुन्हा उभं केलं ते चेन्नईच्या पेरांबूर इथल्या लोको वर्कशॉपनं. तिथं बॉयलर आणि गेलेले भाग नव्यानं घडवणारे हात अजून होते, म्हणून ती आज आहे. तेच रेवाडीचं. १८९३ सालची ती वाफेची शेड ओसाड पडली होती. २००२ साली तिला पुन्हा जाग आणली, आणि तिथली इंजिनं नुसती दिसत नाहीत, पेटतात. हिंदी चित्रपटांतून कामंही करतात.

परदेशातही सगळंच आबादीआबाद आहे असं समजू नका. लंडनमध्ये १८४७ च्या सुमारास इंजिनं फिरवण्यासाठी एक भलीमोठी गोल शेड बांधली. थोड्याच वर्षांत इंजिनं तिच्यापेक्षा लांब झाली आणि तिथं एका मद्याच्या कंपनीनं गोदाम थाटलं. इंजिनातलं 'इं' गेलं आणि 'जिन' राहिली! (गोदामाचं ऐकून आमच्या भिवंडीकरांना गहिवरून येईल.) पुढं तिथं नाटकं आणि गाण्याचे जलसे सुरू झाले आणि इमारत वाचली. स्विंडनचा प्रचंड कारखाना १९८६ साली बंद झाला. त्याच्या एका भागात संग्रहालय झालं आणि मोठ्या भागात कपडे-पादत्राणांचा बाजार. जिथं बॉयलर उचलायचे तिथं आता माणसं पिशव्या उचलतात. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये जाऊन आलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

परळच्या वर्कशॉपवरही हा प्रसंग आलाच. २०१८ च्या सुमारास, तिथं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं टर्मिनस करावं आणि वर्कशॉप हलवावं, असं घाटू लागलं. कामगारांनी विरोध केला. टर्मिनसची गरज खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दादरच्या पुलावर ज्याच्या बरगड्या मोजल्या गेल्यात, तो असं म्हणूच शकत नाही. पण हलवताना लेथ ट्रकमध्ये मावतं, कान मावत नाही. कुर्डुवाडीचं पाहा. तिलाही पूर्वी बार्शी रोडच म्हणत, म्हणजे ती आमची नाववाली बहीणच. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी गेली, रूळ रुंद झाले. पण तिथलं वर्कशॉप दुसरी कामं अंगावर घेऊन उभं राहिलं. ओट्यावर चढून बसण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

निवृत्तीनंतर एकदा आम्ही मामांना असंच एक ओट्यावरचं इंजिन दाखवायला नेलं. मुलांनी फोटो काढले. मामांनी साखळी ओलांडली, वाकून चाकाजवळ कान नेला आणि बोटाच्या पेरानं ठक्क केलं. रखवालदार धावत आला. "ओ आजोबा, हात नाही लावायचा!" मामा म्हणाले, "बाबा, याला कुणी हात लावत नाही, म्हणूनच तर विचारतोय." मग त्यांनी सवयीनं रुमालाला हात पुसले आणि रुमाल उलटसुलट करून पाहिला. त्यावर तेल नव्हतं, नुसता रंग होता.