पिंपरीचं पेनिसिलीन, परळची साल, सोलापूरचा मध

मंडळी, पिंपरीत ‘एच.ए. कंपनी’ कुठे म्हणून विचारलं तर कुणीही सांगेल. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली सरकारने काढली, १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. म्हणजे या पट्ट्यात मोटारी नंतर आल्या, बुरशी आधी आली! कारखान्याला जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मदत होती. आता युनिसेफ मुलांची संस्था, ती कारखान्यात कशाला पडली?

त्यासाठी १९४१च्या ऑक्सफर्डला जावं लागतं. चेहऱ्यावरच्या जखमेतून विष पसरलेला एक पोलीस पेनिसिलीनने सुधारला. पण औषध संपलं आणि तो गेला. त्याच्या लघवीतूनसुद्धा ते परत काढून टोचलं होतं, इतकी टंचाई. पुढे डॉक्टरांनी मुलं निवडली, कारण त्यांना डोस कमी पुरतो. पिंपरीने मोडली ती ही टंचाई.

मग तेच औषध पट्टीला का लावत नाहीत? लावून पाहिलं, भुकट्या, मलमं, सगळं. पण त्वचेला ॲलर्जी होई, जंतू दाद देईनासे होत. पेनिसिलीन इंजेक्शनात राहिलं. पट्टीचा प्रश्न तसाच उरला.

आणि मुलांच्या बाबतीत तो फार अवघड. भाजलेल्या जखमेवर कोरडा गॉज चिकटतो, काढताना नवी कातडी घेऊन येतो. मूल किंचाळतं, दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगची ट्रॉली दिसली तरी रडतं. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय १९८५ साली छापून आला: बटाट्याच्या उकडलेल्या साली गॉजवर बसवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि आतली बाजू जखमेवर ठेवायची. ओल टिकते, पट्टी अलगद सुटते. खर्च जवळजवळ नाहीच.

पण साल जंतू मारत नाही. सोलापूरचे शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९६ साली भाजलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास मांडला, निम्म्यांना मध, निम्म्यांना साल. मधाच्या ९० टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. सालीखाली संसर्ग टिकून होता. मध जखमेतलं पाणी ओढतो, आम्लता वाढवतो, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही सोडतो.

घरच्या बरणीतला मध मात्र नको बरं का! त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. म्हणून दवाखान्यात वापरायचा मध आता गॅमा किरणांनी निर्जंतुक करून येतो.