सवलतीचे माप : गोल्फच्या नियमांची गोष्ट

श्रोतेहो, विटीदांडूचा डाव रंगात आलेला आहे. टोला बसला आणि विटी जाऊन पडली थेट उकिरड्यात. आता पुढे काय? एक गडी म्हणतो, "पडली तिथूनच मार." दुसरा म्हणतो, "उकिरड्यातून कोण मारील? मी बाहेर काढून घेतो." तिसरा म्हणतो, "काढ की, पण फुकट नाही." झाले! डाव राहतो बाजूला आणि भांडण पेटते. ज्या गल्लीत हा प्रश्न खेळापूर्वीच ठरलेला असतो, तेथला डाव मात्र दिवेलागणीपर्यंत सुखाने चालतो.

हाच प्रश्न सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील काही मंडळींपुढे उभा राहिला होता. खेळ होता गोल्फचा. त्यांनी त्याचे उत्तर कागदावर लिहून ठेवले, आणि ते उत्तर दुरुस्त करण्याचे काम अजून संपलेले नाही. त्या दुरुस्तीचा इतिहास आज तुम्हांला सांगायचा आहे.

गोल्फ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला नसेल. मुंबईत चेंबूरला, पुण्याला, नाशिकला त्याची मैदाने आहेत. परंतु तो खेळ खेडोपाडी पोहोचलेला नाही. खेळ समजायला सोपा आहे. एक लहानसा टणक चेंडू घ्यायचा, तो काठीने टोलवीत दूरवरच्या गलीत घालायचा, आणि मग पुढच्या गलीकडे वळायचे. आज एका डावात अशा अठरा गली असतात. ज्याने सर्वांत कमी फटक्यांत डाव पुरा केला तो जिंकला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कबड्डीचे किंवा हॉकीचे मैदान आखून, सपाट करून घेतलेले असते. गोल्फचे तसे नाही. हा खेळ समुद्रकाठच्या मोकळ्या गवताळ रानात जन्मला. चढ-उतार, वाळूचे खड्डे, पाण्याची डबकी हे सारे त्यात धरलेलेच आहे. म्हणून त्याचे मूळ तत्त्व असे : चेंडू जसा पडला असेल तसाच मारावा. नशिबाने जे वाढून ठेवले ते गोड मानावे.

तत्त्व चांगले, पण चेंडू भरल्या खंदकात गेला तर? १७४४ साली एडिंबरो शहराने लीथच्या मैदानावरील गोल्फच्या सामन्यासाठी एक चांदीची काठी बक्षीस म्हणून दिली. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडमधून कोणीही खेळाडू यावे, असे आवाहन होते. रोजच्या ओळखीतल्या चार जणांचे तोंडी रिवाजावर भागते. परका गडी यायचा म्हटला की कागद लागतो. तेथील मंडळींनी एकंदर तेरा नियम लिहिले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. पहिला सामना जॉन रॅट्रे नावाच्या शस्त्रवैद्याने जिंकला.

या तेरांपैकी दोन नियम आपल्या कामाचे आहेत. पाचवा म्हणतो : चेंडू पाण्यात किंवा पाणथळ घाणीत पडला, तर तो काढून मागे आणावा, उंचवट्यावर ठेवून मारावा, मात्र प्रतिपक्षाला एक फटका द्यावा. म्हणजे सुटका आहे, पण दंड भरून. तेरावा नियम निराळा आहे. मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर, खंदक किंवा घातलेले बांध, शाळकरी मुलांचे खड्डे आणि शिपायांच्या रांगा, यांत चेंडू गेला तर तो बाहेर काढून लोखंडी काठीने मारावा. येथे दंडाचा उल्लेख नाही.

हा भेद का केला असेल? पाणी हा मैदानाचाच भाग आहे. त्यात चेंडू घातलास तो तू. परंतु मैदान टिकावे म्हणून घातलेला बांध हे सर्वांच्या हिताचे काम. त्याचा भुर्दंड एकट्या खेळाडूने का सोसावा? शिवाय ते मैदान गोल्फवाल्यांचे एकट्याचे नव्हते. तेथे मुलेही होती, शिपाईही होते. तेव्हा हा तेरावा नियम म्हणजे आजच्या भाषेत स्थानिक नियमच झाला. लीथच्या जमिनीवर जे होते तेच त्यात आले.

येथे गोष्ट संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. गंमत पुढेच आहे. चौदा वर्षांनी, १७५८ साली, त्याच मंडळींनी त्याच वहीत एक दुरुस्ती लिहिली. पाचव्या आणि तेराव्या नियमांवरून वारंवार तंटे होतात, म्हणून ते बदलण्यात येत आहेत, असे कारण त्यांनी स्वच्छ नमूद केले. नवा कायदा असा : दंडावाचून चेंडू उचलता येणार नाही; अपवाद फक्त शाळकरी मुलांच्या खड्ड्यांचा. बाकी सर्व ठिकाणी पडला तेथून मारावा. चेंडू निदान अर्धा पाण्यात किंवा घाणीत बुडालेला असेल तरच, एक फटका दंड देऊन, बाहेर काढावा.

तो 'अर्धा' शब्द फार मोलाचा आहे. नुसते 'पाण्यात' म्हटले की वाद आला. ओले गवत म्हणजे पाणी की नाही? 'अर्धा बुडालेला' म्हटले की दोघांनी वाकून पाहायचे आणि मोकळे व्हायचे. दया दाखवणे सोपे असते. तिचे माप ठरवणे कठीण. माप नसलेली सवलत जो अधिक मोठ्याने बोलतो त्याच्या पदरात पडते. गोल्फच्या पुढच्या सगळ्या नियमांचा इतिहास म्हणजे या मापाचा शोध आहे.

पुढे जागोजाग मंडळे निघाली. सेंट अँड्र्यूज येथील मंडळाने १७५४ मध्ये लीथचेच नियम जवळजवळ जसेच्या तसे घेतले. तरीही ठिकठिकाणी आपापले रिवाज चालत. १८९७ मध्ये नियमांचे काम सेंट अँड्र्यूजच्या समितीकडे आले, आणि १९५२ पासून ब्रिटन व अमेरिका यांच्या संस्थांचा एक सामाईक नियमसंग्रह सुरू झाला. २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. चौतीस नियमांचे चोवीस झाले.

आज सवलतीचे दोन प्रकार मानतात. पहिला बिनदंडाचा. पावसाने तात्पुरते साचलेले पाणी, जनावराचे बीळ, दुरुस्तीसाठी आखून ठेवलेली जागा, पक्का रस्ता किंवा नळ, यांची अडचण झाली तर चेंडू फुकट हलवता येतो. चेंडूजवळ विषारी साप किंवा मधमाश्यांचे मोहोळ असले तरीही हीच सवलत मिळते. दुसरा प्रकार दंडाचा. खुंट्या मारून दाखवलेल्या ओढ्यात किंवा तळ्यात चेंडू गेला, किंवा झुडपात असा अडकला की मारणेच अशक्य, तर एक फटका मोजून बाहेर यावे.

फुकट सवलतीलाही माप आहे. जेथे अडचण पूर्ण दूर होते अशी सर्वांत जवळची जागा शोधायची, तेथून एका काठीच्या लांबीच्या आत चेंडू टाकायचा, आणि तो गलीच्या अधिक जवळ जाता कामा नये. म्हणजे गैरसोय टळावी, पण फायदा होऊ नये. टाकायचा म्हणजे हातातून सोडायचा. हवा तसा ठेवायचा नाही. १९८४ पूर्वी खेळाडू गलीकडे तोंड करून खांद्यावरून मागे चेंडू टाकी. १९८४ पासून हात खांद्याच्या उंचीवर लांब धरून सोडू लागले. २०१९ पासून तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडतात. पद्धत बदलली, हेतू एकच : नवी जागा मिळेल, पण ती चांगलीच असेल अशी हमी नाही.

आता स्थानिक नियमांकडे वळू. प्रत्येक मैदानाच्या समितीला असे नियम करण्याचा अधिकार आहे. पावसाने मैदान चिखलमय झाले, तर बारीक कापलेल्या गवतावरचा चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवण्याची मुभा ती देऊ शकते. उलट, ती सवलत काढूनही घेऊ शकते. रस्त्यावरून बहुतेक ठिकाणी फुकट सुटका मिळते. पण सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानात सतराव्या गलीपाशी जो प्रसिद्ध रस्ता आहे, तेथे चेंडू रस्त्यावरूनच मारावा लागतो. तो रस्ता खेळाचाच भाग मानलेला आहे. मात्र एक मर्यादा आहे. मूळ नियम समितीला आवडत नाही, एवढ्या कारणाने तो स्थानिक नियमाच्या आडून बदलता येत नाही. जमिनीवर तशी खरी अडचण असावी लागते.

खऱ्या अडचणीचे टोकाचे उदाहरण १९४० सालचे आहे. इंग्लंडवर बाँबवर्षाव चालू होता. लंडनजवळच्या रिचमंड येथील क्लबाने युद्धापुरते नियम काढले. शत्रूच्या हल्ल्याने चेंडू हलला, हरवला किंवा नष्ट झाला, तर दंड नाही. बाँब पडत असताना आडोशाला गेल्यास दंड नाही. परंतु फटका मारतेवेळीच बाँब फुटून फटका बिघडला, तर दुसरा चेंडू मारावा, एक फटका दंड देऊन! हसू येते खरे. पण विचार तोच आहे, लीथचा. शत्रूने चेंडू नेला तो दोष तुझा नाही. हात हलला तो मात्र तुझा.

आणि हे सारे चालते कोणाच्या भरवशावर? रोजच्या खेळात पंच बरोबर नसतो. ओढ्याकाठी झाडाआड चेंडू कोठे पडला, हे पुष्कळदा खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यानेच पाहायचे, त्यानेच मापायचे, त्यानेच आपल्यावर दंड बसवायचा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या मैदानात विहिरीचा काठ असेल, कुंपण असेल, शेजारचे उभे पीक असेल. डाव मांडण्यापूर्वी मुलांनाच विचारा : चेंडू तेथे गेला तर काय करायचे? दंड केव्हा, सूट केव्हा, आणि सूट किती पावलांची? त्यांनी ठरवलेले फळ्यावर लिहा. चौदा दिवसांनी तंटे होतात असे दिसले, तर मुलांनाच ते बदलायला सांगा. लीथच्या मंडळींना त्यासाठी चौदा वर्षे लागली होती.