नसूहने जाळलेली पुस्तके

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. झाले, नोकरी लागली, दोन मुले झाली. पण वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी एकही कादंबरी पुरी वाचली नव्हती, हे सांगताना आज संकोच वाटतो. घरात पुस्तके नव्हती असे नाही. ताकात कुराण शरीफ होते, अब्बांच्या पेटीत नमाजची आणि मसल्यांची पुस्तके होती. किस्से-कहाण्या म्हणजे मात्र ‘वक्त की बरबादी’. धाकट्या मामूंनी उशीखाली लपवलेली इब्ने सफींची जासूसी कादंबरी अम्मीने चुलीत घातली, ते मी डोळ्यांनी पाहिले होते. मला त्यात काही गैर वाटले नाही.

पुढे शिक्षिका झाल्यावर मीही तेच केले. नववीच्या वर्गात एक मुलगी भूगोलाच्या वहीखाली तसलीच कादंबरी ठेवून वाचत होती. मी ती हिसकावली, तिला सगळ्या वर्गासमोर उभे केले आणि पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद केले.

काही वर्षांनी त्याच कपाटाचा चार्ज माझ्याकडे आला. पुस्तकांची नोंद करताना डेप्युटी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ हाती लागली. परीक्षेसाठी तिची माहिती मी पाठ केली होती. लेखकाचे नाव, साल, उद्देश: समाजसुधारणा. पुस्तक मात्र कधी उघडले नव्हते. उभ्या उभ्या दोन पाने वाचली आणि घरी घेऊन आले. मुले झोपल्यावर चार रात्रींत संपवली.

ही कादंबरी १८७४ची. दिल्लीत हैजाची साथ येते. नसूह आजारी पडतो, स्वप्नात हिशेबाचा दिवस पाहतो आणि बरा झाल्यावर घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायर आहे, शौकीन आहे. तो बापाला जुमानत नाही, घर सोडतो. नसूह त्याच्या खोल्या उघडतो, तिथली शायरीची आणि किस्स्यांची पुस्तके पाहतो आणि त्यांना आग लावतो. त्या पानाशी मी थांबले. चुलीजवळची अम्मी आठवली, आणि वर्गात उभी केलेली ती मुलगीही आठवली.

गंमत अशी की, कलीम चुकतो आहे हे लेखक पानोपानी सांगतो, पण वाचणाऱ्याचे मन कलीमवरच बसते. घर सोडून तो जाहिरदार बेग नावाच्या बढाईखोर दोस्ताकडे जातो. तो दोस्त त्याला एका पडक्या मशिदीत उतरवतो आणि भुकेल्या कलीमपुढे भाजलेले चणे ठेवून त्या चण्यांची अशी तारीफ करतो की, मी रात्री एकटीच हसत बसले. शेवटी कलीम जखमी होऊन परततो आणि मरतो, तेव्हा डोळे भरून आले. पुस्तके जाळायला सांगणाऱ्या पुस्तकानेच मला कादंबरीची गोडी लावली.

मग मी या लेखकाचा शोध घेऊ लागले. नजीर अहमद यांची नोकरी शाळामास्तर म्हणून सुरू झाली. पुढे ते शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर आणि नंतर डेप्युटी कलेक्टर झाले. मुलींना वाचायला योग्य असे काही मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ‘मिरातुल उरूस’ लिहिली. ती १८६९ साली छापली गेली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे इनाम दिले. ‘तौबतुन्नसूह’चा आराखडा तर त्यांनी ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डिफोच्या एका उपदेशपर पुस्तकावरून घेतला होता. म्हणजे किस्से जाळणाऱ्यालाही किस्स्याचाच आधार घ्यावा लागला.

मराठीतही वेगळे घडले नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, ‘मिरातुल उरूस’च्या बारा वर्षे आधीची. तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती. दोन्ही भाषांत कादंबरी आली ती सुधारणेचा बुरखा घेऊन, आणि बाईच्या नावाने. नुसत्या आनंदासाठी वाचा, असे म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

तरी लोक आनंदासाठी वाचतच होते. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून अमीर हमजाच्या दास्तानांचे खंड काढायला सुरुवात केली. ते शेचाळीस झाले. त्यांतली ‘तिलिस्मे होशरुबा’ लहानपणी गोरखपूरला तंबाखूच्या दुकानात बसून ऐकणारा मुलगा पुढे प्रेमचंद झाला. तोही शाळामास्तर. त्यांचा ‘सोजे वतन’ हा उर्दू कथासंग्रह १९०८ साली निघाला, तेव्हा ते शिक्षण खात्यातच नोकरीला होते. कलेक्टरने बोलावून घेतले आणि उरलेल्या प्रती जमा करून घेतल्या. आणि ज्यांचे पुस्तक अम्मीने चुलीत घातले ते इब्ने सफी? १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, त्याआधी तेही शाळेत शिकवत होते! हे वाचून मी कपाळाला हात लावला. ज्या पुस्तकांपासून आम्ही शिक्षक मुलांना दूर ठेवतो, ती लिहिणारे आमच्याच पेशातले निघाले.

आणखी एक गोष्ट. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ आमच्याकडे कित्येक मुलींना लग्नात मिळते. त्यात स्त्रियांनी कोणती पुस्तके टाळावीत, याची यादी आहे आणि तिच्यात ‘मिरातुल उरूस’चेही नाव आहे! काही भाग चांगला, काही भाग इमान कमजोर करणारा, असा शेरा. नसूहला जन्म देणाऱ्याचे पुस्तकही कोणाच्या तरी यादीत गेलेच. ज्यांनी याद्या केल्या त्यांची नियत मुलींच्या भल्याचीच होती, हे मी मान्य करते. अम्मीचीही होती, माझीही होती. पण माणूस कसा चुकतो, कसा पस्तावतो, हे मला उपदेशातून कळले नव्हते, कलीममुळे कळले.

यानंतर मी मराठीकडे वळले. मराठी मला बाजारापुरती आणि परिपत्रकांपुरती येत होती. हमीद दलवाईंची ‘इंधन’, १९६५ची, अडखळत वाचली. कोकणातले मुसलमान घर मराठी कादंबरीत पाहताना, आपणही या भाषेत राहतो, असे पहिल्यांदा वाटले.

आता राहिले ते कपाटातले पुस्तक. मी ते शोधून काढले. त्यात खूण म्हणून एस.टी.चे तिकीट होते, अर्ध्यापाशी. ती मुलगी शाळा सोडून गेली होती; तिची धाकटी बहीण सातवीत होती. आधी मी स्वतः ते वाचले, मग तिच्या हाती घरी पाठवले. तिकीट होते तिथेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी बहिणीने निरोप आणला. ‘टीचर, आपा पूछ रही, तुमने पूरी पढी क्या?’

मी म्हटले, ‘पढी. और बोलना, टीचर माफी मांग रही.’