म्हाताऱ्या पेशी, कांदा आणि मामांची पेन्शन

परवा परभणीहून मामांनी मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. मागोमाग फोन. "म्हाताऱ्या पेशी साफ होतात म्हणे. झाडापासून काढलेली गोळी हाय. महिन्याला तीन हजार. घ्यावी का?" गोळीत फिसेटिन. मामांना सांगितलं तेच इथं लिहितो, कारण ही जाहिरात बऱ्याच घरांत पोचलेली दिसते.

पुन्हा तरुण व्हायची ओढ आपल्याकडे जुनीच. चरकसंहितेचं चिकित्सास्थान सुरूच होतं रसायनापासून. च्यवनप्राशाची कृती तिथलीच. 1938 साली पंडित मदनमोहन मालवीयांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर तपसी बाबांकडून कायाकल्प करून घेतला. देशभर गाजावाजा झाला. 1946 साली तेही गेले.

फिसेटिन मात्र आधी औषध नव्हतंच, रंग होता. युरोपात एका झुडपाच्या लाकडातून कापडासाठी पिवळा रंग काढायचे, त्यातलं हे द्रव्य. त्याचा सख्खा भाऊ क्वेरसेटिन आपल्या लाल कांद्यात भरपूर असतो.

1961 साली अमेरिकेत हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण 50 वेळा विभागून थांबतात. पुढे कळलं की थांबलेल्या काही पेशी मरत नाहीत, उलट शेजारच्या पेशींना त्रास देतात. 2015 साली मेयो क्लिनिक आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगाचं एक औषध आणि क्वेरसेटिन एकत्र देऊन उंदरांत अशा पेशी कमी केल्या. 2018 साली फिसेटिन दिलेले म्हातारे उंदीर जास्त जगले.

जाहिरात इथंच थांबते. पुढचं कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या सरकारी वृद्धत्व संस्थेच्या कार्यक्रमात फिसेटिन पुन्हा उंदरांवर तपासलं. तिथं आयुष्य वाढलं नाही. माणसांवर चाचण्या चालू आहेत, पण या गोळीनं माणूस जास्त जगतो असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

मामा म्हणाले, "मग कांदा-भाकरच बरी की!" खा, पण जेवण म्हणून.

नंतर सहज विचारलं, शुगरची गोळी रोज घेता ना? थोडं थांबून म्हणाले, "दिवसाआड. महाग पडते रे."

म्हणून ही पोस्ट. उंदरांच्या गोळीसाठी तीन हजार काढायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढं एक विचारा.