उन्हाळा आलाच नाही, त्या वर्षी

‘यंदा उन्हाळा आलाच नाही’ ही ब्रिटनमधल्या बागवाल्यांची नेहमीची कुरकुर. १८१६ साली मात्र ती जवळजवळ खरी होती. त्या जुलैत मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान होतं १३.४ अंश सेल्सियस. १६५९ पासूनच्या नोंदींत इतका थंड जुलै दुसरा नाही.

कादंबरीकार जेन ऑस्टेन तेव्हा हॅम्पशरमधल्या चॉटन गावी राहत होती. घरच्या बागेतल्या फुलाफळांची खबर तिच्या पत्रांत अधूनमधून येते. त्या जुलैत तिने भाच्याला कळवला तो पावसाचा वैताग : आता पुन्हा ऊन पडेल असं वाटतच नाही!

कारण तिला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला होता. त्यातल्या गंधकाच्या वायूपासून बनलेले सूक्ष्म कण आकाशात उंचावर पसरून सूर्यप्रकाश अडवत होते. बागेतली फुलं गेली तर माणूस हळहळतो. इथे तर शेतातला गहू बुडाला, पाव महागला, गरिबांचे हाल झाले.

म्हणून मला हवापाण्याच्या गप्पा फालतू वाटत नाहीत. थंडी किती होती ते आकडा सांगतो. ती रोज सोसताना माणसं कशी कंटाळली, ते कळतं अशा पत्रांतूनच.