बंद धुरांडे आणि घरातील ओल : ब्रिटनमधील गृहरचनेच्या इतिहासातील एक प्रकरण

ब्रिटनमधील जुन्या घरांत एक तक्रार वरचेवर आढळते. छप्पर गळत नाही, नळ फुटलेला नाही. तरीही जेथे पूर्वी फायरप्लेस, म्हणजे भिंतीत बांधलेली शेगडी होती, तेथेच तपकिरी डाग पडतात व गिलाव्याचे पोपडे सुटतात. या ओलीचे मूळ केवळ तेथील पावसात नसून गेल्या शतकातील एका सामाजिक बदलात आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

धुरांडे म्हणजे धूर बाहेर टाकण्याचे साधन, असा समज रूढ आहे. इंग्लंडमध्ये १६६२ साली दर शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसविण्यात आला व तो १६८९ मध्ये उठला. शासनाच्या दृष्टीने शेगडी ही ऐपतीची खूण होती. वस्तुतः ती घराचे नाकही होती. तापलेली हवा धुरांड्यातून वर चढली की खोलीतील दमट हवा तिच्यामागे ओढली जाई व दारे-खिडक्यांच्या फटींतून ताजी हवा आत येई. विस्तव विझलेला असतानाही हा प्रवाह थोडाफार चालू राही. हे काम कोणी मुद्दाम योजिलेले नव्हते. म्हणूनच बहुधा ते विसरणेही सोपे गेले. मात्र फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात, काजळी पडू नये म्हणून शेगडीचे तोंड फळीने व कागदाने बुजविणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली होती. धुरांडे मळले असेल तर ते झाडावे, बुजवू नये, असे त्यांचे सांगणे होते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या विषारी धुरक्याने हजारो बळी घेतले. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, आणि तो आवश्यकच होता. धूरनियंत्रित क्षेत्रांत साध्या कोळशाच्या शेगड्या मागे पडल्या. पुढे १९६७ ते १९७७ या काळात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघर पोहोचला, मध्यवर्ती तापनव्यवस्था रुळली आणि निरुपयोगी ठरलेल्या शेगड्या विटांनी वा फळ्यांनी बंद झाल्या. धूर गेला हे सर्वांना दिसले; श्वास कोंडला हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

कोळशातील गंधकाची संयुगे व ज्वलनातील वाफ वर्षानुवर्षे धुरांड्याच्या विटांत मुरलेली असतात. त्यांतून तयार झालेले क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. उघड्या धुरांड्यात हा ओलावा वाऱ्याबरोबर निघून जाई. खालून बंद केलेल्या धुरांड्यात वरून पाऊस मात्र पडत राहतो. दोन्ही तोंडे बुजविली तर आत अडकलेला ओलावा भिंतीवाटे खोलीत उतरतो.

यावरील उपाय साधा आहे. धुरांडे आधी झाडून घ्यावे, माथ्यावर पाऊस अडविणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवावी आणि खाली बुजविलेल्या तोंडाशी जाळीचा झरोका ठेवावा. धुरांडे बाहेरच्या भिंतीत असल्यास हा झरोका बाहेरच्या बाजूस काढणे अधिक हितावह, कारण खोलीतील उबदार दमट हवा थंड धुरांड्यात शिरली तर तेथेच तिचे पाणी होण्याचा धोका असतो. गिलाव्यात आधीच भिनलेले क्षार मात्र झरोक्याने निघत नाहीत. तेवढा गिलावा खरवडून नव्याने करावा लागतो.